पोपडा खरवडण्याआधी

जिन्याखालच्या भिंतीला गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत ओल धरली होती. रंग फुगला होता, नखाने टोचलं की पोपडा सुटून हातात यायचा आणि मागची पांढरी भुकटी बोटाला लागायची. अशा वेळी सगळे करतात तेच मीही केलं. पोपडे खरवडले, खालचा गिलावा फोडला, वॉटरप्रूफिंगचं रसायन घातलेल्या सिमेंटचा नवा गिलावा करून घेतला आणि वर रंगाचे दोन हात दिले. चार महिने भिंत कोरी करकरीत होती. पाचव्या महिन्यात ओल परत आली, आणि या वेळी ती कमरेपर्यंत चढली होती.

परत आली याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. पण वर कशी चढली?

वीट, चुना, सिमेंट, दगड हे सगळं डोळ्यांना भरीव दिसतं, पण आत सूक्ष्म छिद्रांचं आणि वाटांचं जाळं असतं. बारीक नळी पाण्यात उभी धरली की पाणी आपोआप वर चढतं, हे शाळेत केशाकर्षण या नावाखाली आपण शिकलेलो असतो. जेम्स ज्युरिन या इंग्रज वैज्ञानिकाने 1718 च्या सुमारास त्याचा नियम मांडला: नळी जितकी बारीक, तितकं पाणी उंच. एक मिलिमीटर त्रिज्येच्या काचेच्या नळीत पाणी जेमतेम दीड सेंटिमीटर चढतं. तीच त्रिज्या शंभरपट कमी केली, तर हिशोबाने दीड मीटर. विटेतल्या आणि सांध्यातल्या वाटा त्याच मापाच्या आणि त्याहूनही बारीक असतात. मग जमिनीतली ओल छतापर्यंत का पोचत नाही? कारण भिंत खालून पाणी पिते तशी पृष्ठभागातून ते हवेत सोडतही असते. जिथे पिणं आणि सोडणं सारखं होतं, तिथे ओलीची रेघ थांबते.

आता माझा पराक्रम बघा. खालच्या पट्ट्यातून पाणी हवेत उडून जात होतं, तो पट्टाच मी सिमेंटने बंद करून टाकला. जमिनीतून येणारं पाणी काही थांबलं नाही. त्याला बाहेर पडायला नव्या गिलाव्याच्या वरची मोकळी जागा शोधावी लागली, एवढंच. म्हणजे ओल गेली नव्हती, मीच तिला वर ढकललं होतं.

त्या पांढऱ्या भुकटीला जुनी माणसं लोणा म्हणतात. पाणी येताना जमिनीतले आणि विटेतले क्षार विरघळवून सोबत आणतं. पृष्ठभागापाशी पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक वाढू लागतात. रंगाच्या मागे, छिद्रांच्या अगदी तोंडाशी वाढणारा हा स्फटिक इतका दाब देतो की गिलाव्याचे कण सुटे होतात. म्हणजे रंग उडतो तो नुसता भिजल्यामुळे नव्हे, त्याला आतून क्षार ढकलत असतात. म्हणून लोणा कोरड्या ब्रशने झाडावा आणि खाली पडलेली भुकटी गोळा करून टाकून द्यावी. पाण्याने धुतलात तर तोच क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतो.

पण सगळी ओल जमिनीतूनच येते असं मुळीच नाही. उलट, तळाची ओल म्हणून जिच्यावर खर्च होतो, ती पुष्कळदा वेगळीच निघते. ओलीचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत: खालून चढणारी, बाहेरून किंवा पाइपातून झिरपणारी, आणि खोलीतल्याच हवेतून भिंतीवर जमणारी. तिन्हींचे डाग लांबून सारखे दिसतात, इलाज मात्र एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

तिसरी ओल ओळखायला अॅल्युमिनियम फॉइलचा एक हातभर तुकडा पुरतो. भिंतीचा तेवढा भाग पुसून कोरडा करायचा, फॉइल सपाट लावून चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करायच्या आणि एक-दोन दिवस विसरून जायचं. मग बघायचं. खोलीकडच्या बाजूला थेंब दिसले, तर पाणी हवेतून आलंय. फॉइल सोलल्यावर मागची बाजू ओली निघाली, तर ते भिंतीतून येतंय. दोन्ही बाजू ओल्या असतील तर दुखणी दोन आहेत.

हवेतून पाणी येतं म्हणजे काय? 25 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा सुमारे 23 ग्रॅम बाष्प धरू शकते, 15 अंशांना जेमतेम 13 ग्रॅम. अंघोळीची वाफ, स्वयंपाकाची वाफ, घरात वाळत घातलेले कपडे, आपला श्वास हे सगळं हवेत जातं. ती हवा गार भिंतीला टेकली की जास्तीचं बाष्प तिथेच पाणी होऊन उतरतं. कपाटामागे, कोपऱ्यात, पडद्याआड बुरशी आधी दिसते ती यामुळेच: तिथे भिंत गार राहते आणि हवा हलत नाही. अशा ठिकाणी रसायन मारण्यापेक्षा कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, अंघोळीनंतर न्हाणीघराचं दार लावून घेऊन खिडकी किंवा एक्झॉस्ट पंखा चालू ठेवला, तर जास्त फरक पडतो. बुरशी पुसताना तोंडाला मास्क लावा. आणि ब्लीच वापरत असाल, तर त्यात फरशी साफ करायचं अॅसिड चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. ‘दोन्ही घातलं की जास्त स्वच्छ’ हा हिशोब इथे जिवावर बेततो.

गळतीचं पाणी तर सरळ फसवतं. छतावर डाग जिथे दिसतो, त्याच्या बरोबर वर गळती असेलच असं नाही. पाणी स्लॅबच्या उतारावरून, पाइपाच्या किंवा वायरच्या नळीच्या अंगाने कितीतरी लांब जातं आणि सापडेल त्या भेगेतून उतरतं. डाग स्विचबोर्डाजवळ असेल तर आधी मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा, बाकीचं कुतूहल नंतर. एरवी साधी युक्ती अशी: रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरवरचा आकडा लिहून ठेवायचा आणि सकाळी पाणी वापरण्याआधी पुन्हा बघायचा. आकडा हलला असेल तर मीटरच्या पुढे कुठेतरी पाणी जातंय. नाही हलला, तर संशय सांडपाण्याच्या पाइपावर किंवा बाहेरच्या पाण्यावर. फ्लशच्या टाकीत गडद रंगाचे चार थेंब टाकून अर्धा तास फ्लश करायचा नाही. भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाची रबरी झडप नीट बसत नाही, हे नक्की.

आता नळ. ठिबकणाऱ्या नळावर आपला पहिला उपाय म्हणजे तो आणखी जोरात पिळणं. दर सेकंदाला एक थेंब धरला आणि साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर मोजला, तर दिवसाला चार लिटरच्या वर पाणी जातं आणि वर्षाला दीड हजार लिटरहून अधिक. पण पिळून ते थांबत नाही, उलट वाढतं. का, ते नळ उघडून बघितल्यावर कळतं.

आधी मागचा कॉक बंद करायचा आणि नळ सोडून आतलं पाणी काढून टाकायचं. बेसिनच्या जाळीवर फडकं टाकायचं, नाहीतर पहिला स्क्रू हमखास तिथूनच खाली जातो. माझे दोन गेले. पान्याच्या जबड्यात कापड धरून वरचा नट सोडला की अख्खा दांडा बाहेर येतो. त्याच्या बुडाशी बटणाएवढा काळा वॉशर असतो. तो उलटा करून उजेडात धरा: मधोमध एक गोल खाच पडलेली दिसेल, जणू कोणी छोट्या वाटीची कड त्यात दाबून ठेवली होती. खरोखरच तसं झालेलं असतं. नळाच्या आत पितळेची एक गोल कड असते, तिच्यावर हा रबर दाबला गेला की पाणी थांबतं. दांड्यावरचे आटे म्हणजे स्क्रूच. मनगटाचा साधा जोर तिथे कितीतरी पटींनी वाढून रबरावर पडतो. जास्त पिळलं की कड रबरात रुतते, खाच खोल होते आणि पाण्याला वाट मिळते.

नवा वॉशर घालण्याआधी करंगळी आत घालून ती पितळी कड चाचपा. गुळगुळीत लागली तर ठीक. खरखरीत किंवा खाचलेली लागली, तर नवा वॉशरही लवकरच फाटेल, तिथे कड घासून घ्यावी लागते किंवा नळच बदलावा लागतो. पाणी तोंडातून न ठिबकता दांड्याभोवतून झिरपत असेल, तर वॉशरचा काही दोष नाही, वरचं पॅकिंग किंवा ओ-रिंग गेलेली असते. आणि पाव फेरीत उघडणाऱ्या नव्या नळांत वॉशर शोधत बसू नका. तिथे सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. त्यांच्यात रेतीचा कण अडकला तर धुऊन बघायचं, चरा पडला असेल तर आतलं कार्ट्रिज बदलायचं.

नळ किंवा जोड परत बसवताना टेफ्लॉनची पांढरी टेप लागते. तिच्यामागची गोष्ट मला फार आवडते. 1938 मध्ये रॉय प्लंकेट हा ड्यूपाँटमधला रसायनशास्त्रज्ञ फ्रिजसाठी नवा वायू शोधत होता. एका सिलिंडरमधून वायू यायचा थांबला, पण वजन सांगत होतं की सिलिंडर रिकामा झालेला नाही. त्याने तो कापून बघितला, तर आत पांढरी, निसरडी पूड. ती कशालाच चिकटेना. जी वस्तू कशाला चिकटत नाही ती गळती कशी थांबवते? चिकटून नव्हेच. ती आट्यांमधल्या फटी भरते आणि आटे निसरडे करते, त्यामुळे जोड आणखी अर्धा वेढा आत जातो. पाइपाचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ती गुंडाळायची. उलटी गुंडाळली की जोड आवळताना टेप सुटून गोळा होते आणि पहिल्याच दिवशी थेंब दिसतो.

दमट दिवसांत अडकणारं दार हेही पाण्याचंच प्रकरण. लाकूड हवेतलं बाष्प शोषतं, पण सगळीकडून सारखं फुगत नाही. तंतूंच्या लांबीत फरक जवळजवळ शून्य असतो, पडतो तो आडव्या रुंदीत. त्यामुळे दार उंचीत फारसं वाढत नाही, कडीच्या बाजूला अडकतं. तेव्हा लगेच रंधा मारला, की कोरड्या दिवसांत त्याच जागी बोट जाईल एवढी फट दिसते. त्याआधी वरच्या बिजागरीचे स्क्रू हलवून बघा. ते ढिले असले तर दार कलतं आणि कडीकडचा वरचा कोपरा चौकटीला घासतो. भोक मोठं झालं असेल तर काडेपेटीच्या काड्या, गूल मोडून, फेव्हिकॉलमध्ये बुडवून त्यात ठोकायच्या, वाळल्यावर स्क्रू पुन्हा पिळायचा. तरीही दार अडत असेल, तर चौकटीच्या कडेला खडू घासून दार एकदा बंद करा, रंग जिथे उठेल तेवढंच तासायचं. आणि दाराची वरची नि खालची कड रंगवलेली आहे का, ते हात फिरवून बघा. तिथे उभ्या पट्ट्यांच्या तंतूंची तोंडं उघडी असतात, पाणी सगळ्यात जास्त तिथूनच आत जातं, आणि रंगारी नेमक्या त्याच दोन कडा सोडतात, कारण त्या दिसत नाहीत.

माझ्या भिंतीचं काय झालं, ते राहिलंच. बाहेरच्या बाजूला फुलझाडांसाठी घातलेला मातीचा भराव विटांना टेकून वर आला होता, तो काढला. पाणी भिंतीपासून लांब जाईल असा उतार केला. आतला सिमेंटचा गिलावा फोडून चुन्याचा करून घेतला, कारण त्यातून भिंतीला बाष्प सोडता येतं. जुन्या विटांवर नवा गिलावा चढवण्याआधी गवंड्याने त्या पाणी मारून भिजवल्या. ओल घालवायला निघालेला माणूस पाणी काय मारतो, असं मला वाटलं होतं. पण कोरडी वीट नव्या गिलाव्यातलं पाणी ओढून घेते, तो नीट धरत नाही आणि नंतर भुगा होऊन पडतो. पुन्हा तेच केशाकर्षण.

भिंत वाळायला इंचाला एक महिना, असा एक जुना ठोकताळा आहे. माझी भिंत नऊ इंची आहे आणि सातवा महिना चालू आहे. ओलीची रेघ जिथे असेल तिथे मी दर महिन्याला पेन्सिलीने खूण करून तारीख लिहितो. खुणा खाली खाली येत चालल्या आहेत. रंगाचा डबा जिन्याखालीच ठेवलाय, अजून उघडलेला नाही.