लाकडी अंतर्भाग की साच्यातला: छोट्या नौकेत हात कुठवर पोहोचतो?

आत चार माणसांची झोपण्या-रांधण्याची सोय असलेल्या २५ ते ३५ फुटी शिडाच्या जुन्या नौका विक्रीला निघतात, तेव्हा त्यांच्या वर्णनात ‘आतून संपूर्ण सागवानी’ हे शब्द हमखास असतात. ते वाचताना रंधा मारणारा सुतार डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात आत उतरून लॉकरचे झाकण उचलले, तर पुष्कळदा ते सागवान म्हणजे प्लायवर चिकटवलेला अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा निघतो आणि त्या प्लायखाली साच्यातून काढलेला फायबरग्लासचा सांगाडा दिसतो. याच्या अगदी उलट अनुभवही येतो. आतून पांढरीशुभ्र असलेली नौका पाहणारा तिला ‘प्लास्टिकची’ म्हणून मोकळा होतो, पण तो पांढरा रंग १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायला दिलेला असतो. पांढरे रंगवलेले तक्ते आणि त्यांना व्हार्निश केलेल्या लाकडाच्या कडा ही अमेरिकेतल्या हेरेशॉफ घराण्याच्या नावाने ओळखली जाणारी सजावट आहे आणि तिच्यात पांढऱ्या रंगाखाली लाकूडच असते. तेव्हा रंगावरून किंवा चकाकीवरून लाकडी आणि साच्यातला अंतर्भाग या दोन प्रकारांतला फरक ओळखता येत नाही.

येथे प्रश्न फक्त आतल्या बांधणीचा आहे. दोन्ही प्रकारांत बाहेरचे कवच, म्हणजे हल, फायबरग्लासचेच असते. हल लाकडाचा की फायबरचा, हा निराळा विषय असून त्यातही मिश्रणे आहेतच. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेल्या आणि दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला नेलेल्या ‘म्हादेई’चा हल लाकडी गाभ्यावर फायबरग्लासची कातडी चढवून घडवलेला होता.

लाकडी अंतर्भागाची रीत जुनी आहे. अमेरिकेत १९५९ साली पिअर्सन बंधूंची ‘ट्रायटन’ ही २८ फुटी फायबरग्लास नौका बाजारात आली, त्या सुमारास साच्यातून निघत होता तो प्रामुख्याने हल. आतले काम सुतार करत, कारण नौका आतून कशी भरायची ते त्यांनाच माहीत होते. रिकाम्या हलमध्ये प्रथम प्लायच्या आडव्या भिंती, म्हणजे बल्कहेड, उभ्या करतात. हलचा आकार प्रत्येक ठिकाणी वेगळा असल्यामुळे प्रत्येक भिंतीसाठी पुठ्ठ्याचा नमुना कापून, तो लावून पाहून, पुन्हा तासून मगच प्लायला करवत लावावी लागते. भिंत हलला थेट टेकवत नाहीत, कारण टेकवली तर त्या रेषेवर हल कडक होतो आणि बाहेरून तिचा वण उमटतो. म्हणून मध्ये फोमची पट्टी ठेवतात आणि दोन्ही बाजूंनी रेझिनमध्ये भिजवलेल्या काचेच्या कापडाच्या पट्ट्या हलवर व भिंतीवर चढवून सांधा पक्का करतात. या पट्ट्यांना टॅबिंग म्हणतात. मग त्या भिंतींच्या आधाराने बंक म्हणजे झोपायचे बाक, ओटा, कपाटे एकेक करून उभी राहतात. या कामाला माणसाचे तास भरपूर लागतात आणि दहाव्या नौकेलाही जवळजवळ तेवढेच लागतात.

साच्यातल्या अंतर्भागाचा जन्म या तासांच्या हिशोबातून झाला. हलसाठी साचा करतोच आहोत, तर बंक, ओटा, जमीन, शौचकूप हे सगळे एकाच दुसऱ्या साच्यातून का काढू नये, हा विचार सरळ होता. त्या साच्यावर आधी जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत रंगीत थर, मग काचेच्या तंतूंची मॅट आणि रेझिन थापायचे, वाळल्यावर तो एकसंध तुकडा क्रेनने उचलायचा, डेक, म्हणजे वरचे आच्छादन, बसण्यापूर्वी हलमध्ये उतरवायचा आणि रेझिनच्या लगद्याने किंवा चिकट द्रव्याने खाली बसवायचा. याला लाइनर किंवा पॅन म्हणतात. साचा महाग असतो, पण शंभर नौका निघाल्या की त्याचा खर्च शंभर वाटण्यांत विभागला जातो. कॅलिफोर्नियात फ्रँक बटलर यांच्या कॅटालिना नौका १९७० च्या दशकापासून हजारोंच्या संख्येने खपल्या, त्यात या पद्धतीचा वाटा मोठा आहे. मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडेल अशी नौका त्यातून मिळाली, ही गोष्ट मी हलकी मानत नाही.

लाइनर आणि ग्रिड यांतही गल्लत होते. लाइनरमध्ये बसण्या-झोपण्याच्या जागांसह पूर्ण खोलीच साच्यातून निघते. ग्रिड म्हणजे हलच्या तळाशी बसवलेली, आडव्या-उभ्या पोकळ तुळयांची साच्यातली जाळी. कीलचा, म्हणजे तळाखालच्या वजनदार पात्याचा, आणि डोलकाठीचा भार हलवर पसरवणे हे तिचे काम असते आणि तिच्यावर प्लायचे फर्निचर स्क्रूने बसवतात. आजच्या कारखान्यांतल्या बहुसंख्य नौका अशा आहेत. डोळ्यांना लाकूड दिसते, पण भार वाहतो फायबरग्लास. ‘संपूर्ण सागवानी’ या शब्दांचा घोटाळा बहुधा येथेच होतो.

साच्यातला भाग ओळखण्याची एक खूण मला फार उपयोगी पडते. साच्यातून तुकडा सुटावा म्हणून त्याच्या उभ्या बाजू किंचित तिरक्या ठेवाव्या लागतात आणि कोपरे गोलसर करावे लागतात. बंकच्या उभ्या बाजूला गुण्या लावून पाहावा. वरची कड आत झुकलेली असेल आणि कोपऱ्यात अंगठा सहज मावेल अशी गोलाई असेल, तर तो भाग साच्यातला आहे, मग त्यावर लाकडाच्या कितीही पट्ट्या ठोकलेल्या असोत.

ही गोलाई केवळ साच्याच्या सोयीसाठी नसते, ताकदीसाठीही ती लागते. १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय चौरस मीटरला साधारण ७ किलो भरतो आणि ३ मिलिमीटरचा हाताने थापलेला फायबरग्लास साडेचार किलो. वजनात लाइनर जिंकला असे वाटते. पण सपाट तक्त्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. प्लाय आणि मॅटचे फायबरग्लास यांची मूळची ताठरता फारशी वेगळी नाही, म्हणून चौपट जाडीचा प्लाय सुमारे ६० पट ताठ ठरतो. लाइनरचा सपाट भाग त्यामुळे पायाखाली लवतो आणि ढोलासारखा वाजतो. तो ताठ करायचा तर त्याला वळणे, खाचा आणि पायऱ्या द्याव्या लागतात, नाहीतर थर वाढवावे लागतात आणि थर वाढले की वजनाचा फायदा संपतो. शिवाय ३ मिलिमीटरच्या पत्र्यासारख्या भागात स्क्रू धरत नाही. नंतर एखादे हँडल किंवा फळी बसवायची झाल्यास मागून ठोकळा चिकटवावा लागतो आणि नेमका मागे हात जात नाही.

‘मागे हात जातो का’ हाच माझ्या मते या दोन प्रकारांतला खरा भेद आहे आणि बाकीचे बहुतेक गुणदोष त्यातून निघतात.

लाकडी बांधणीतला कमजोर दुवा टॅबिंगचा. ताजे रेझिन हलच्या आधीच वाळलेल्या पृष्ठभागाशी एकजीव होत नाही, ते फक्त खरखरीतपणाला धरून राहते. सागवानाचा पापुद्रा न काढता त्यावरच पट्टी चढवली असेल, तर लाकडातल्या तेलामुळे ती आणखी लवकर सुटते. पण ती सुटलेली दिसते. काही वर्षांपूर्वी मुंबईत पावसाळ्यासाठी जमिनीवर घेतलेल्या एका ३० फुटी नौकेत मी डोलकाठीजवळच्या बल्कहेडची पाहणी करत होतो. लॉकरमधले सामान काढले, टॉर्च लावला, तर पट्टीच्या कडेला केसाएवढी काळी रेषा होती. तिच्यात व्हिझिटिंग कार्ड सरकवले आणि ते बोटभर आत गेले. पुढचे काम कष्टाचे होते, पण त्यात गूढ काही नव्हते. पट्टी छिलून काढली, ४० नंबरच्या कागदाने हल आणि प्लाय खरवडला, ॲसिटोनने पुसला, इपॉक्सीच्या लगद्याने कोपरा गोल केला आणि त्यावर नव्या कापडाचे तीन थर चढवले. दोन माणसे आणि तीन दिवस पुरले.

लाइनर किंवा ग्रिड सुटते तेव्हा अशी रेषा बहुधा दिसत नाही, कारण सांधा तुकड्याच्या खालच्या अंगाला असतो. तुकडा उतरवताना लगदा सगळीकडे पोहोचला की नाही, हे बांधणाऱ्यालाही वरून पाहता येत नाही. नौका खडकावर आदळली की कीलची मागची कड वर रेटली जाते आणि ग्रिड प्रथम तेथेच सुटू लागते. मे २०१४ मध्ये ‘चीकी रफीकी’ ही ४० फुटी नौका अँटिग्वाहून इंग्लंडला परतताना अटलांटिकमध्ये कील गमावून उलटली आणि तिच्यावरचे चारही खलाशी गेले. नौका नंतर हाती लागली नाही, त्यामुळे कारण निश्चित करता आले नाही. पण ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने २०१५ च्या अहवालात असा इशारा स्पष्ट शब्दांत दिला, की हलला चिकटवलेली आतली जाळी सुटू शकते आणि ती सुटल्याचे ओळखणे अवघड असू शकते. ती नौका या लेखातल्या आकाराहून मोठी आणि शर्यतीच्या वळणाची होती, तरी चिकटवलेल्या जाळीचे तत्त्व लहान नौकेतही तेच असते. नीट चिकटलेली ग्रिड कीलचा भार फार सुंदर रीतीने पसरवते, हेही तितकेच खरे आहे. माझी चिंता आहे ती ‘नीट चिकटलेली’ याची खात्री करून घेण्याच्या अडचणीची.

गळतीचेही तसेच आहे. एका परिचितांच्या २६ फुटी नौकेत छतही साच्यातले होते, म्हणजे डेकखाली दुसरे पांढरे कवच. पाऊस पडला की डावीकडच्या मागच्या बंकवर पाणी येई. आम्ही तेथल्या खिडकीचे सीलंट दोनदा बदलले. शेवटी एका रविवारी डेकवर एकेका जागी पाणी सोडून आत टिशू कागद लावत बसलो, तेव्हा कळले की पाणी शिरत होते उजवीकडच्या पुढच्या कठड्याच्या खांबाशी आणि दोन कवचांच्या मधून अडीच मीटर वाहत येऊन जेथे वाट मिळाली तेथे टपकत होते. त्या खांबाच्या बोल्टची नटे छताच्या वर कोंडलेली होती, म्हणून जेलकोटला गोल भोक पाडून त्यावर झाकण बसवावे लागले. छताला लाकडी पट्ट्या असलेल्या नौकेत हेच काम चार स्क्रू काढून झाले असते, कारण प्लायवर पाण्याचा तपकिरी ओघळ उमटतो आणि तो उगमापर्यंत घेऊन जातो.

मात्र लाइनर आणि हल यांच्यामधली पोकळी जाणूनबुजून वापरली, तर चित्र पालटते. ब्रिटनच्या सॅडलर २६, २९ आणि ३४ या नौकांत, तसेच बेल्जियमच्या एटाप नौकांत, हल आणि आतले कवच यांच्यामध्ये पॉलियुरेथेन फोम भरला. तळाला भोक पडले तरी नौका तरंगत राहावी हा हेतू होता. त्यातून आणखी दोन फायदे झाले. आत घाम येणे फार कमी झाले आणि पाण्याचा थडथडाट दबला. लाकडी कामाला हे इतक्या सहज जमत नाही. हलपर्यंत हात मात्र येथेही पोहोचत नाही, पण त्याच्या बदल्यात काही मोलाचे मिळते.

कोकणपट्टीच्या हवेत लाकडाची बाजू घेताना मला थोडे सांभाळून बोलावे लागते. जून ते सप्टेंबर बंद करून ठेवलेल्या नौकेत प्लायची उघडी राहिलेली कड पाणी ओढते, दारे फुगतात, ड्रॉवर अडकतात, गाद्यांखाली बुरशी धरते. मरीन प्लायसाठी आपल्याकडे आयएस ७१० हे मानक आहे आणि त्यातला गोंद पाण्याला दाद देत नाही, पण गोंद टिकला म्हणून लाकूड कुजायचे थांबत नाही. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा ज्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात, त्या बल्कहेडला बोल्टने जोडल्या असतील आणि डेकमधून पाणी झिरपत असेल, तर भिंत नेमकी त्याच जागी कुजते जिथे तिच्यावर सर्वांत जास्त ताण असतो. साच्यातला बंक मात्र पावसाळ्यानंतर साबणाच्या पाण्याने धुतला की पूर्ववत होतो. लहान मुले घेऊन शनिवार-रविवारपुरते जाणाऱ्याला ही सोय फार मोठी आहे आणि त्याने लाइनर निवडला तर मी त्याला अडवणार नाही. महिनोन्महिने दूर राहणाऱ्याने, जेथे दुरुस्ती स्वतःलाच करायची आहे, तेथे मात्र हल उघडा सापडेल अशीच नौका घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

पाहणीला जाताना टॉर्च, छोटा आरसा, व्हिझिटिंग कार्ड आणि प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर एवढे पुरते. प्रथम प्रत्येक सीकॉकपर्यंत, म्हणजे हलमधल्या भोकावर पाणी अडवणाऱ्या तोटीपर्यंत, पूर्ण हात जातो का, हे पाहावे. समुद्रात नळी निसटली तर तो अंधारात बंद करावा लागेल. नंतर प्रत्येक लॉकर रिकामे करून टॅबिंगच्या कडेवरून बोट फिरवावे. ग्रिड असेल, तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तिच्या कडेने हात-हातभर अंतरावर ठोकत जावे आणि कीलच्या मागच्या कडेभोवती अधिक वेळ घालवावा. घट्ट सांध्याचा आवाज आखूड आणि कोरडा येतो. आवाज एकाएकी पोकळ झाला, तर तेथे पेन्सिलने खूण करून पुढे ठोकत राहावे. खुणा ओळीने लागत गेल्या, तर विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न, नौका कधी आणि किती जोराने तळाला लागली होती, हा असावा.