स्पीडवेचा कायमचा रेस नंबर: अर्ज कुणी करायचा, कधी करायचा आणि कागद कुठे अडतात

आधी एक सांगून टाकतो, स्पीडवेत, म्हणजे मातीच्या अंडाकृती ट्रॅकवरच्या बाईक रेसिंगमध्ये, कायमचा नंबर पाहिजे म्हणून थेट एफआयएमला, म्हणजे मोटरसायकल रेसिंगच्या जागतिक संस्थेला, मेल टाकू नका. स्वित्झर्लंडमधल्या मीसला बसलेली ही संस्था रायडरशी सुटं बोलत नाही, ती बोलते देशाच्या फेडरेशनशी. भारतासाठी ते एफएमएससीआय, ऑफिस चेन्नईला. ब्रिटनसाठी एसीयू, आणि तिथे स्पीडवेचा रोजचा कारभार बघतो स्पीडवे कंट्रोल ब्युरो. पोलंडला पीझेडएम. तुम्ही कितीही छान इंग्रजीत लिहिलं, मुलाचे फोटो जोडले, ट्रॉफ्या दाखवल्या तरी उत्तर एकच येतं की तुमच्या फेडरेशनमार्फत या, किंवा येतच नाही. मग लोक म्हणतात रिजेक्ट केलं. अरे, रिजेक्ट व्हायला अर्ज तरी व्हायला पाहिजे ना.

गोंधळ का होतो ते कळतं, कारण आपण सगळे मोटोजीपी बघून आलोय. रॉसीचा ४६ डोक्यात पक्का बसलेला आहे त्यामुळे वाटतं की बाईक घेतली की नंबर घ्यायचा, स्टिकर मारायचा, झालं. स्पीडवेचं गणित वेगळं आहे. चार रायडर, चार लॅप, कायम डावीकडे वळण, ५०० सीसीची मिथेनॉलवर चालणारी बाईक, गिअर एकच आणि ब्रेक नाहीच. हीटमध्ये, म्हणजे अशा एका छोट्या शर्यतीत, कोण कुठे आहे हे लोक हेल्मेटच्या रंगावरून ओळखतात, लाल, निळा, पांढरा, पिवळा. अंगावरचा नंबर वर्षानुवर्षं फक्त प्रोग्रॅम हातात धरून पेन्सिलीने गुण लिहिणाऱ्यांच्या कामाचा. स्पीडवे ग्रँड प्री या जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतसुद्धा २०१३ पर्यंत नंबर आदल्या वर्षीच्या क्रमवारीवरून पडायचे, २०१२ चा विजेता ख्रिस होल्डर म्हणून २०१३ ला १ नंबर त्याच्याकडे. २०१४ पासून रायडरला स्वतःचा नंबर निवडता यायला लागला. फॉर्म्युला वनमध्येही त्याच वर्षी कायमचे नंबर आले, त्यामुळे बऱ्याच जणांना दोन्हीकडे नियम सारखेच वाटतात. तसं काही नाही.

आता पात्रता. इथेच नव्वद टक्के प्रश्न संपायला पाहिजेत पण संपत नाहीत. हा नंबर मिळतो स्पीडवे ग्रँड प्रीच्या पंधरा कायम रायडरना. म्हणजे आधी पंधरात यायचं, मग नंबर. पंधरात यायचे रस्ते ठरलेले आहेत: आदल्या मोसमातले पहिले सहा, ग्रँड प्री चॅलेंज नावाच्या स्पर्धेतून वर आलेले, युरोपियन चॅम्पियन, आणि उरलेल्या जागांवर एफआयएमच्या आयोगाने स्वतः निवडलेले. चॅलेंजला पोचायचं तर त्याआधी पात्रता फेऱ्या, आणि त्या फेऱ्यांमध्ये नाव घालतं तुमचं फेडरेशन. घरी बसून रायडरने भरायचा असा फॉर्म या साखळीत कुठेच नाही. ज्यांना मुलगा बारा वर्षांचा असतानाच नंबर "रिझर्व्ह" करायचाय त्यांचं म्हणजे मुलगी बघायच्या आधीच हॉल बुक करून ठेवल्यासारखं आहे.

सोळावा रायडर वाइल्ड कार्ड, म्हणजे फक्त त्या राउंडपुरता घेतलेला, त्याला १६. ट्रॅक रिझर्व्ह, म्हणजे राखीव रायडर, दोघे, १७ आणि १८. हे तीन नंबर जागेचे आहेत, माणसाचे नाहीत. कुणी एकदा वाइल्ड कार्ड म्हणून उतरला म्हणून १६ त्याचा झाला असं होत नाही, पुढच्या राउंडला तोच १६ घालून दुसऱ्या देशाचा कुणीतरी उभा असतो.

लीगचं तर अजून वेगळं. ब्रिटनमध्ये टीममध्ये १ ते ७, त्यातले ६ आणि ७ रिझर्व्ह, आणि कोण कुठल्या नंबरला हे गुणांच्या ॲव्हरेजवरून ठरतं, म्हणजे मोसमाच्या मधेच बदलूही शकतं. पोलंडला पाहुणी टीम १ ते ८, घरची ९ ते १६. तेव्हा लीगच्या मॅचमधला फोटो पाठवून "याचा नंबर १३ आहे ना, मग तो ग्रँड प्रीला वेगळा का" असं विचारू नका प्लीज. आपल्याकडच्या डर्ट ट्रॅकलाही एन्ट्री भरताना आवडीचा नंबर मिळाला तरी तो त्या आयोजकाच्या वहीतला, त्याच्या जोरावर पुढे कुठेही हक्क सांगता येत नाही.

आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे. ग्रँड प्रीमध्ये एकाच रायडरचे एकाच संध्याकाळी दोन नंबर असतात. एक स्वतःचा, तो पाठीवर. दुसरा १ ते १६ मधला ड्रॉ नंबर, ज्याच्यावरून ठरतं की वीस हीटपैकी कुठल्या पाच तुमच्या, कुठल्या गेटवरून सुटायचं आणि समोर कोण. प्रत्येकजण प्रत्येकाशी एकदा भिडेल अशा पद्धतीने ते टेबल बांधलेलं असतं. आदल्या टाइम्ड प्रॅक्टिसमध्ये जो सगळ्यात फास्ट तो आधी ड्रॉ नंबर निवडतो, मग दुसरा, असं खाली. म्हणजे पोलंडचा जगज्जेता झ्मार्झलिक घ्या, त्याच्या पाठीवर ९५ असणार पण त्या रात्रीच्या टेबलात तो ३ असेल नाहीतर ११ असेल. कुठल्याही फॉर्मवर "नंबर" असा रकाना दिसला तर कुठला नंबर विचारलाय ते आधी वाचा. पात्रता फेरीच्या कागदावर हौसेने आपला लकी नंबर लिहिणारे आहेत, तिथे फक्त ड्रॉ नंबरच असतो.

नंबर निवडणं हा भाग खरं तर सगळ्यात सोपा. पंधरात आलात की पसंती कळवायची, दुसऱ्याकडे असलेला नंबर मागायचा नाही, संपलं. दोन आकडी, तीन आकडी दोन्ही चालतात. वॉफिंडनचा १०८, जेसन डॉयलचा ६९, लॅम्बर्टचा ५०५, दुदेकचा ६९२, पावलित्स्कीचा ७७७, ब्रॅडी कर्ट्झचा १०१. झ्मार्झलिकचा जन्म १९९५ चा आणि नंबर ९५. चॅम्पियन झालं की १ घ्यावाच लागतो हाही गैरसमजच. वॉफिंडन २०१३ चा विजेता, २०१४ ला १०८ वरच उतरला. हॅनकॉक २०१४ जिंकला आणि पुढच्या वर्षी ४५ च. झ्मार्झलिकची २०२५ पर्यंत सहा विजेतेपदं झाली, ९५ काही सुटला नाही. माझं मत विचाराल तर बरोबरच आहे, टोपीवर, व्हॅनवर, टीशर्टवर छापलेला नंबर एका वर्षासाठी कोण बदलेल.

आता कागद. इथे जरा सावकाश वाचा, कारण पात्रता फेरीपर्यंत पोचायची लायकी असलेला पोरगासुद्धा अडतो तो इथेच.

लायसन्स. आधी देशाच्या फेडरेशनचं, त्याच्यावर त्या स्पर्धेसाठीचं आंतरराष्ट्रीय. दोन्ही फेडरेशनच देतं. लायसन्स कॅलेंडर वर्षाचं असतं, ३१ डिसेंबरला संपतं, तुम्ही ते कधीही काढलेलं असो. नोव्हेंबरमध्ये काढून "अजून वर्ष झालं नाही" म्हणत फेब्रुवारीत ट्रायलला जाणारे दरवर्षी भेटतात. बँकेच्या एफडीसारखं काढल्या तारखेपासून मोजू नका, तारीख छापलेली असते ती बघा.

स्टार्ट परमिशन. हा तो कागद जो कुणाकडेच नसतो. दुसऱ्या देशात रेस करायची तर तुमच्या स्वतःच्या फेडरेशनने लिहून द्यायला लागतं की आमचा हा रायडर तिकडे उतरायला आमची हरकत नाही. लायसन्स खिशात आहे म्हणजे झालं असं समजून लोक पोलंडपर्यंत जातात आणि साइनिंग ऑनच्या, म्हणजे रेसआधी सही करून हजेरी नोंदवायच्या, टेबलावर अडकतात, शनिवारी दुपारी चेन्नईला फोन कोण उचलणार. हा कागद निघण्याआधी तिकीट काढू नका. आणि मागताना नीट लिहा, स्पीडवे हे एफआयएमकडे ट्रॅक रेसिंग या शाखेत येतं, लाँग ट्रॅक, ग्रास ट्रॅक, आइस स्पीडवे हे त्याचे भाऊबंद. आपल्याकडे नुसतं "ट्रॅक रेसिंग" लिहिलं की समोरच्याला सर्किटवरची रोड रेसिंग वाटते आणि भलतंच पत्र हातात येतं. भारतात स्पीडवेची लीग नाही, त्यामुळे ज्याच्याकडे तुमचा अर्ज जाईल त्याने हा प्रकार आधी हाताळला असेलच असं धरून चालू नका. स्पर्धेचं नाव, तारीख, गाव, देश, आयोजक आणि "ट्रॅक रेसिंग, स्पीडवे, ५०० सीसी" एवढं एका पानावर लिहून द्या. त्रास त्याचाही वाचतो, तुमचाही. पण वेळेत पत्र निघालं नाही तर त्याची किंमत रायडर भरतो, खुर्चीवरचा नाही, हे मला अजून पटत नाही.

मेडिकल. फॅमिली डॉक्टरच्या लेटरहेडवर "फिट फॉर स्पोर्ट्स" एवढं लिहून आणलेलं चालत नाही. फेडरेशनचा छापील फॉर्म असतो तो डॉक्टरसमोर बसून पूर्ण भरून घ्यायचा, रजिस्ट्रेशन नंबर आणि शिक्क्यासकट, ब्लड ग्रुपसकट. रोजची औषधं असतील, दम्याचा पंप असेल, तर तो डोपिंगच्या यादीत बसतो का ते आत्ताच बघा, सूट लागत असेल तर ती आधी मागायची असते, टेस्ट झाल्यावर नाही. जिमवाल्याने दिलेले पावडरचे डबे पण त्याच हिशोबात.

वय. एफआयएमच्या मोठ्या ५०० सीसी स्पर्धांना किमान सोळा. हे सोळा वाढदिवसाच्या दिवशी लागू होतं, त्या वर्षाच्या जानेवारीपासून नाही. वरची मर्यादा मात्र उलट मोजतात, ज्या वर्षी ते वय पूर्ण होतं ते अख्खं वर्ष संपेपर्यंत चालतं. म्हणून एसजीपी टूला, म्हणजे एकवीसपर्यंतच्या ज्युनिअर जागतिक स्पर्धेला, मार्चमध्ये एकवीस पूर्ण झालेला मुलगा सप्टेंबरमध्येही उतरू शकतो, आणि ऑगस्टमध्ये सोळा पूर्ण होणारा जूनमध्ये उतरू शकत नाही. दोन्ही बाजूंनी चुकीचं वाचून बसलेले पालक असतात, पहिल्या प्रकारचे तर उगाच एक वर्ष सोडून देतात, ते जास्त वाईट वाटतं. अठराच्या आतला असेल तर पालकांची संमती, सही पासपोर्टवरच्या सहीसारखीच करा.

नाव. आपला खास मराठी प्रॉब्लेम. आधारवर आडनाव आधी, लायसन्सवर वडलांचं नाव मधे, पासपोर्टवर नाव आणि वडलांचं नाव एकाच रकान्यात, शाळेच्या दाखल्यावर अजून काहीतरी. तिकडच्या माणसाला वाटतं हे दोन वेगळे लोक आहेत. सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने. लायसन्सचा पहिला अर्ज भरतानाच हे केलं तर पुढे कधीच त्रास होत नाही.

विमा. लायसन्सबरोबर काय कव्हर येतं ते वाचा, परदेशातून जखमी माणसाला घरी आणायचा खर्च त्यात आहे का हे विशेष करून. ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले मोटरस्पोर्ट सर्रास वगळतात, बारीक अक्षरात. ब्रेक नसलेल्या बाईकचा खेळ आहे हा, इथे कंजूषी नको.

व्हिसाबद्दल थोडक्यात, पण महत्त्वाचं. पोलंड, डेन्मार्क, स्वीडन, चेकिया, लाटव्हिया, जर्मनी हे सगळे शेंगेनमध्ये, एकाच व्हिसावर होतं, पण १८० दिवसांत ९० दिवस ही मर्यादा सगळ्या देशांची मिळून आहे. प्रत्येक देशाचे वेगळे ९० समजून मोसम आखलात तर जुलैमध्येच दिवस संपतात. ब्रिटन यात नाही, तिथला व्हिसा वेगळा. आणि क्लबकडून पैसे घेऊन लीग खेळायची तर टुरिस्ट व्हिसा चालत नाही, क्लबने कितीही "काही होत नाही" सांगितलं तरी.

जे मराठी लोक ब्रिटनमध्ये राहतात आणि मुलं तिथल्याच ट्रॅकवर शिकतायत त्यांचं काम बरंच सोपं, ट्रेनिंग डे, क्लब, लायसन्स सगळं जवळ. पण मुलाचा पासपोर्ट भारतीय असेल तर लायसन्स कुठल्या फेडरेशनचं आणि तो कुठल्या देशाकडून उतरणार हे आंतरराष्ट्रीय स्पर्धेत नाव द्यायच्या आधी दोन्ही फेडरेशनकडून लेखी घ्या. फोनवर "हो हो चालेल" म्हणणारा माणूस मार्चमध्ये त्या टेबलावर असतोच असं नाही.

कुणी पैसे घेऊन "इंटरनॅशनल स्पीडवे नंबर रजिस्टर" करून देतो म्हणाला तर देऊ नका, असं रजिस्टर विकत मिळत नाही. तोपर्यंत मुलाच्या व्हॅनवर, टूलबॉक्सवर, टीशर्टवर आवडता नंबर खुशाल छापा, त्याला कुणाचीही परवानगी लागत नाही. फक्त रेसच्या दिवशी आयोजकाने नंबरचा जो बिब दिलाय तोच घालायचा.