वर तेल, खाली कोरड

नाना पेठेतल्या एका गॅरेजात गेल्या पावसाळ्यात एक जुनी अँबॅसिडर उभी होती. मालकांनी हौसेनं इंजिन 'तयार' करून घेतलेलं: वेगळा कॅमशाफ्ट (उंचवट्यांनी, म्हणजे कॅमनी, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), जास्त कडक व्हॉल्व्ह स्प्रिंगा. पण इंजिनाच्या डोक्यातली, म्हणजे हेडमधली, टिकटिक काही केल्या जात नव्हती. टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, तीनदा सेट करून झाले होते. झाकण काढलं तर आत सगळं तेलानं न्हालेलं. "तेल तर भरपूर आहे की!" मालक म्हणाले. गॅरेजवाल्या काकांनी रॉकर शाफ्ट, म्हणजे रॉकर ज्यावर झुलतात तो दांडा, सोडवला, पालथा केला आणि त्यावरून नख फिरवायला सांगितलं. नख अडकलं. वरची बाजू आरशासारखी, खालची खरवडलेली.

रॉकर म्हणजे बागेतला सी-सॉ. एका टोकाला खालून कॅमनं उचललेला पुशरॉड रेटतो, दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबतं आणि तिथली स्प्रिंग त्याला उलट वर ढकलते. दोन्ही जोर वरच्या दिशेनं, म्हणून सगळा भार शाफ्टच्या पोटावर. स्प्रिंगचा जोर 50 किलो आणि रॉकरचं गुणोत्तर 1.4 धरलं, तर पुशरॉडकडून 70 किलो लागतात, म्हणजे शाफ्टवर 120. इंजिन मिनिटाला 4000 फेरे घेत असेल तर हे सेकंदाला 33 वेळा, कारण व्हॉल्व्ह दर दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. स्प्रिंग कडक केली की शाफ्टवरचा हा भार त्याच पटीत वाढतो. पण वेगात व्हॉल्व्ह कॅमची साथ सोडून तरंगू नये म्हणून ती कडक करावीच लागते.

पावसात भरधाव गाडी टायरखाली पाणी ओढून घेते आणि त्यावर तरंगते. गोल फिरणारा क्रँकशाफ्ट तेलावर असाच तरंगतो. रॉकर मात्र कधी पूर्ण फिरतच नाही. काही अंश झुलतो, थांबतो, परततो. थांबला की तेलाचा पडदा विरळ होतो आणि धातू धातूला भिडतो. तिथे तेलातलं जस्ताचं संयुग पृष्ठभागावर पातळ थर धरून झीज रोखतं. नव्या तेलांत ते कमी केलंय, कारण त्यातल्या फॉस्फरसनं धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. व्हॉल्व्ह बंद असताना टॅपेटच्या फटीमुळे भार उतरतो. तेल आत शिरायला सवड मिळते ती तेवढीच. म्हणून अनेक इंजिनांत पोकळ शाफ्टची तेल सोडणारी भोकं खाली, भाराकडे तोंड करून बसवतात. शाफ्ट उलटा बसला तर झाकणाखाली तेल उडत राहतं आणि पोट उपाशी.

इथे भोकं बरोबर होती, पण बुजलेली. पेठेतल्या वरच्या मजल्याला पाणी जसं सगळ्यांत शेवटी पोचतं, तसं रॉकरला तेल. पंप, फिल्टर, मेन बेअरिंग, कॅमशाफ्टचं बेअरिंग, मग हेडमधून वर. पोकळ शाफ्टच्या टोकाचं बूच काढल्यावर आतून काळा गाळ निघाला.

टॅपेटचा घोळही उलगडला. रॉकरच्या टोकाला खळगा पडला होता. फीलर गेजची सपाट पट्टी खळग्यावरून पुलासारखी जाते, खरी फट मोजतच नाही.

मालकांना बाहेरून जादा तेलाची नळी हवी होती. माझ्या मते हा रोगापेक्षा वाईट इलाज: खालच्या बेअरिंगांना मिळणारा तेलाचा दाब कमी होतो आणि वरचं जादा तेल व्हॉल्व्ह गाइडमधून उतरून निळा धूर काढतं. काकांनीही होकारार्थी मान डोलावली.

नवा शाफ्ट, नवे बुश, घासून सारखी केलेली टोकं. मग स्पार्क प्लग काढून काका नुसता स्टार्टर फिरवत राहिले. शेवटच्या रॉकरमधून तेल झिरपलं, तेव्हा त्यांनी झाकण बसवायला उचललं.