स्टेप कट की लेयर कट? पहिली बट कुठे थांबते ते बघा

“ताई, लेयर कट करून द्या की ओ,” म्हणत मोबाइल पुढे येतो आणि फोटोत असतो चक्क स्टेप कट. याच्या उलटही तितक्याच वेळा होतं. नवी पेठेतलं पार्लर असो की जुळे सोलापुरातलं, हा घोळ सगळीकडे सारखाच. बऱ्याच ठिकाणी दरपत्रकावरही दोन्ही नावं एकाच ओळीत आणि एकाच भावात असतात, मग गिऱ्हाइकाला तरी वेगळं काय कळणार? वरचे केस आखूड आणि खालची लांबी शाबूत हे दोन्हींत असतं. त्यात फोटोतल्या बाईचे केस ब्लो ड्राय करून टोकांना बाहेर वळवलेले असले, की मूळ कट कोणता होता हे ओळखणं आम्हालाही जड जातं.

फरक कळतो तो कापताना. स्टेपमध्ये टेल कोंबने, म्हणजे टोकदार दांड्याच्या कंगव्याने, केसांचे आडवे भाग पाडतात आणि वरचे भाग क्लचने बांधून ठेवतात. खालच्या भागाची लांबी आधी ठरते. मग वरचा भाग सोडून तो दोन-तीन इंच आखूड कापतात, त्याच्यावरचा आणखी आखूड. प्रत्येक भागाची टोकं एका ओळीत संपतात आणि ती ओळ केस मोकळे सोडल्यावर दिसते, नव्हे, दिसावी म्हणूनच ठेवलेली असते. लेयरमध्ये अशी ओळ ठेवायचीच नसते. डोक्यावरची एक बट आधी कापून तिला गाईड धरतात. मग शेजारची प्रत्येक बट डोक्यापासून सरळ बाहेर किंवा वर ओढायची, बोटांच्या चिमटीत गाईडला लावायची आणि तिथंच कापायची. बट सोडली की ती आपल्या जागी जाऊन पडते आणि तिची टोकं शेजारणीपेक्षा जराशी वर किंवा खाली येतात. घाटाच्या पायऱ्या आणि शेजारचा उतार यांत जो फरक, तोच इथे. कात्री धरण्याच्या तऱ्हा पार्लरगणिक बदलतात, पण पायऱ्या ठेवायच्या की पुसायच्या हा प्रश्न सगळीकडे तोच.

चेहऱ्याचा संबंध येतो तो इथे. पायरी जिथे संपते तिथे केस बाहेर फेकले जातात, तिथे भरीवपणा येतो आणि बघणाऱ्याची नजर तिथेच अडकते. लेयरमध्ये नजरेला अडकायला एक ठरलेली जागा नसते, ती खाली घसरत जाते. म्हणून ‘मला स्टेप शोभेल का?’ या प्रश्नापेक्षा ‘माझी पहिली, म्हणजे सर्वांत वरची आखूड पायरी कुठे संपेल?’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे. चेहऱ्याच्या ज्या जागेला आणखी रुंदी नको, तिथे पायरी संपवायची नाही. जिथे रुंदी हवी, तिथे बिनधास्त संपवायची.

आपला चेहरा ओळखायला केस मागे घट्ट बांधा आणि आरशासमोर सरळ उभ्या राहा. कपाळ, गालाची हाडं आणि जबडा यांतलं सगळ्यांत रुंद काय ते बघा. केस उगवतात तिथपासून हनुवटीपर्यंतची लांबी टेपने मोजा. लांबी आणि रुंदी जवळजवळ सारखी आली, तर चेहरा गोल किंवा चौकोनी. या दोघांतला फरक टेपने कळत नाही, बोटाने कळतो. कानाच्या पाळीखालून हनुवटीकडे बोट फिरवा. वाटेत ठसठशीत कोपरा लागला तर चौकोनी, बोट वळत गेलं तर गोल. लांबी रुंदीच्या दीडपटीच्या आसपास आणि कडा मऊ असतील तर लंबगोल. त्या बायकांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल, त्यांना दोन्ही कट चालतात.

गोल चेहऱ्याच्या मुली स्टेप मागतात सर्वांत जास्त आणि फसतातही त्याच. गाल आधीच चेहऱ्याचा सर्वांत रुंद भाग, त्यात पहिली पायरी गालाशी संपली की दोन्ही बाजूंना केसांचे पंख फुटतात आणि चेहरा आहे त्याहून भरलेला दिसतो. म्हणून स्टेप वाईट असं नाही. पहिली पायरी हनुवटीच्या निदान दोन बोटं खाली घ्या, गालाजवळ केस सपाट राहू द्या आणि भांग मधोमध न पाडता थोडा बाजूला घ्या. तोच कट आता चेहऱ्याला उभी लांबी देतो. लेयर घेतलात तर धोका कमी. मात्र डोक्यावर थोडी उंची ठेवायला सांगा, कपाळावर आडवी दाट बँग्स नको.

चौकोनी चेहऱ्याला मी स्टेप सुचवतच नाही. जबड्याची रेघ आधीच ठळक असते, तिच्या शेजारी केसांची दुसरी रेघ आणली की दोन्ही एकमेकींना उठाव देतात. गालाच्या हाडापासून सुरू होऊन जबड्यावरून खाली उतरणारे मऊ लेयर इथे बरे, कारण कोपऱ्यावरून केस वाहत गेले की तो कोपरा नजरेत भरत नाही. अर्थात कुणाला आपला करारी जबडा आवडत असेल, तर तिने खुशाल जबड्याशी ओळ घ्यावी. तो दोष नाहीच मुळी.

लांबट चेहऱ्याला मात्र स्टेपसारखा दुसरा कट नाही. हनुवटीच्या आसपास संपणारी पायरी दोन्ही बाजूंना रुंदी देते आणि लांबी मधेच तुटल्यासारखी वाटते. लांबसडक, खाली सुरू होणारे लेयर अशा चेहऱ्याला आणखी ओढतात. पानाच्या आकाराचा चेहरा, म्हणजे कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती असेल, तर हनुवटी ते खांदा या पट्ट्यात भरीवपणा हवा, मग तो कुठल्याही कटने आणा.

हे झालं चेहऱ्याचं. पण केसांचा पोत आडवा आला की सगळं गणित बदलतं. सरळ, दाट केसांत पायऱ्या स्वच्छ उठून दिसतात. विरळ केसांत दोन्ही कटांनी खालचा शेंडा आणखी विरळ होतो, तिथे शेवटच्या काही इंचांत हलके लेयर एवढंच पुरे. कुरळ्या केसांत पायरी एक तर हरवते, नाहीतर छपरासारखी बाहेर येते. ओले केस ओढून कापलेले असतात आणि वळणदार केस वाळले की आखडतात हेही लक्षात ठेवा. ओल्यात हनुवटीखाली दिसलेली पायरी घरी पोचेपर्यंत गालावर चढलेली असते. तेव्हा वळणाचे केस असतील तर पार्लरवालीला आधी कोरडे केस दाखवा आणि एक-दीड इंच जास्त लांबी ठेवायला लावा.

आपल्या सोलापुरात पाण्याचाही त्रास आहेच. नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे कित्येक घरी अंघोळ बोअरच्या जड पाण्याने. त्या पाण्याने केस राठ होतात आणि राठ केसांत स्टेपची टोकं वेगवेगळ्या दिशांना उभी राहतात. लेयरची टोकंही उभी राहतात, पण ती एका ओळीत नसल्याने झाकली जातात. डोक्यावरून घ्यायचा शेवटचा तांब्या तरी नळाच्या साठवलेल्या पाण्याचा घ्या. आणि गावचा टर्किश टॉवेल कितीही नामी असला तरी त्याने केस खसाखसा पुसू नका, गुंडाळून ठेवा.

मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा इथे कोण केस मोकळे सोडतं? क्लच लावला की स्टेपची सर्वांत आखूड पायरी बाहेर निसटते आणि घामाने मानेला चिकटते. लेयरच्या बटाही निसटतात, पण थोड्या थोड्या. रोज स्कूटीवर तोंडाला स्कार्फ आणि वर हेल्मेट घालणारीच्या पायऱ्या तर ऑफिसात पोचेपर्यंत चपट्या झालेल्या असतात. वेणी घालणारीला स्टेपचा जाच जास्त, वेणीच्या प्रत्येक पेडातून ठरावीक अंतरावर टोकं डोकावतात. घरात लग्न ठरलं असेल आणि अंबाडा, गजरा, खोपा होणार असेल, तर नवरीने स्टेपच्या वाटेला जाऊच नये. पिना लावून लावून हेअरस्टाइल करणारी रडकुंडीला येते.

पार्लरमध्ये गेल्यावर कटचं नाव सांगून थांबू नका. आरशासमोर बसून बोट चेहऱ्याशी लावा आणि म्हणा, “सर्वांत आखूड केस इथपर्यंत हवेत, याच्या वर नको.” मग विचारा, “ओळ दिसणार की मिसळून देणार?” ही दोन वाक्यं कुठल्याही फोटोपेक्षा नीट कळतात.

आणि पायरी चुकीच्या जागी आलीच, तर? दुसऱ्या दिवशी खालचे केस कापून बरोबरी करायला धावू नका, हाती असलेली लांबीही जाईल. टोकांत कात्री उभी धरून ओळ मोडून घेता येते, म्हणजे स्टेपचा बराचसा लेयर होतो. आखूड बट मात्र आखूडच राहते. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात, म्हणजे गालावरची बट चार इंच खाली यायला आठेक महिने जातात. तोवर भांग बाजूला घ्या, दोन्हीकडच्या बटा कानामागे पिनेने बसवा आणि दोन-अडीच महिन्यांनी फक्त टोकं ट्रिम करून घ्या.