पिन इंटरप्ट

पिन इंटरप्ट : मायक्रोकंट्रोलरच्या (एका चिपमधला छोटा संगणक) पिनवरील विद्युतदाब बदलला की चालू प्रोग्रॅम तेवढ्यापुरता बाजूला ठेवून ठरावीक पत्त्यावरचा छोटा प्रोग्रॅम (हँडलर) चालवण्याची सोय. हँडलर संपला की मूळ प्रोग्रॅम थांबला होता तिथून पुढे चालू होतो. कळ, विहिरीतला फ्लोट स्विच, पर्जन्यमापकाचा रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा), प्रवाहमापक, वीजमीटरचा लुकलुकणारा दिवा ही साधने बहुधा याच मार्गाने जोडतात. ही सोय एखाद्या फर्मवेअरमध्ये (चिपमध्ये बसवलेला प्रोग्रॅम) नव्याने घालणे, ती तपासणे आणि कोकण किनाऱ्याच्या दमट, खाऱ्या हवेत तिला मिळणारे वळण एवढ्यापुरतीच ही नोंद आहे.

उगम : इंटरप्ट प्रथम कोणत्या संगणकात आला, याविषयी एकमत नाही. १९५१ च्या युनिव्हॅक-१ मध्ये बेरीज मर्यादेबाहेर गेली की पत्ता ० वरच्या दोन आज्ञा आपोआप चालत. त्यामुळे काही जण उगम तिथे मानतात. मात्र तो संकेत यंत्राच्या आतूनच येई. संदर्भग्रंथांत श्रेय बहुधा युनिव्हॅक ११०३ मालिकेला दिलेले आढळते आणि साल १९५३ सांगितले जाते. ते साल मूळ ११०३ यंत्राचे होय. इंटरप्टची सोय त्यानंतरची, साधारण १९५५-५६ च्या सुमाराची दिसते. क्लीव्हलंडच्या विमानविद्या प्रयोगशाळेत वातबोगद्यातली मापने येतील तेव्हा हातातली आकडेमोड थांबवावी, या गरजेशी ती जोडली जाते. दरम्यान १९५४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या डिसीॲक यंत्रात बाहेरच्या साधनाच्या संकेतावर एका प्रोग्रॅम काउंटरकडून (पुढच्या आज्ञेचा पत्ता ठेवणारी जागा) दुसऱ्याकडे वळण्याची रचना होती. बाहेरून आलेला संकेत हाच निकष धरला, तर पिन इंटरप्टचा पूर्वज डिसीॲकला मानणे अधिक सयुक्तिक वाटते. अग्रक्रमांच्या अनेक पातळ्या एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ मध्ये (१९५७-५८) आल्या. एड्सगर डायक्स्ट्रा यांचा १९५९ चा प्रबंध इलेक्ट्रोलॉजिका एक्स-१ वरील इंटरप्टसंबंधी असून, केव्हाही येऊ शकणाऱ्या संकेतामुळे प्रोग्रॅमची शुद्धता तपासणे किती अवघड होते, हा प्रश्न त्यात आहे. चाचणीचा आजचा सारा खटाटोप त्याच प्रश्नातून निघतो.

इंटेलच्या ४००४ मध्ये (१९७१) इंटरप्ट नव्हता. ८००८ मध्ये (१९७२) तो होता. ८०८५ मध्ये (१९७६) ट्रॅप, आरएसटी ७.५, ६.५, ५.५ आणि आयएनटीआर अशा पाच पिना आल्या. त्यांपैकी आरएसटी ७.५ चढत्या कडेवर (संकेत ० वरून १ होण्याच्या क्षणी) चालते आणि तिच्यामागे संकेत लक्षात ठेवणारा फ्लिप-फ्लॉप आहे. ६.५ आणि ५.५ या पिना मात्र पातळीवर चालतात, म्हणजे दखल घेईपर्यंत संकेत टिकावा लागतो. ८०५१ मध्ये (१९८०) आयएनटी० आणि आयएनटी१ या दोनच पिना असून हँडलरचे पत्ते षोडशमान ०००३ आणि ००१३ आहेत. आपल्याकडे पदविकेची तोंडी परीक्षा दिलेल्यांना हे पत्ते वेगळे सांगायला नकोत. ८०५१ मध्ये उतरती कड किंवा खालची पातळी यांतूनच निवड करता येते. चढती कड हवी असेल तर बाहेर संकेत उलटा करणारा इन्व्हर्टर लावावा लागतो.

पुढच्या चिपांत पिना वाढल्या, पण प्रत्येकीला स्वतंत्र वाट मिळाली नाही. एटीमेगा३२८पी मध्ये दोन पूर्ण बाह्य इंटरप्ट आहेत. बाकीच्या पिना तीन गटांत बांधल्या असून गटातील कोणतीही पिन बदलली तरी हँडलर एकच चालतो. कोणती पिन आणि कोणती कड, हे मागची स्थिती जपून प्रोग्रॅमनेच शोधायचे. एसटीएम३२एफ१०३ मध्ये १६ वाटा आहेत, पण त्या पिनच्या क्रमांकाला बांधलेल्या. पीए० वापरली तर त्याच वेळी पीबी० वापरता येत नाही. शिवाय ५ ते ९ या वाटांना मिळून एक हँडलर आणि १० ते १५ यांना मिळून एक. आरपी२०४० मध्ये साऱ्या जीपीआयओ (सर्वसाधारण कामाच्या) पिना एकाच इंटरप्टवर येतात.

सोय घालणे : वापरणाऱ्याला हवे असते ते एवढेच, की अमुक पिन, अमुक कड आणि बोलावायचे फंक्शन सांगावे. त्यामागे पिनवरून वाट काढणारा तक्ता, वाटेवरून फंक्शन काढणारा तक्ता आणि रजिस्टरांत (चिपच्या आतले मांडणीचे कप्पे) लिहिण्याचा काटेकोर क्रम लागतो. पीए० दिलेली असताना कोणी पीबी० मागितली, तर चूक परत करावी. जुनी नोंद मुकाट्याने पुसून नवी बसवणे हा दोष वरकरणी दिसत नाही, म्हणून तो अधिक वाईट.

क्रमाचे उदाहरण एटीमेगाचे घेता येईल. कडेची निवड बदलताना त्या बदलामुळेच खोटा इंटरप्ट उठू शकतो. म्हणून आधी ईआयएमएसके (इंटरप्ट चालू-बंद करणारे रजिस्टर) मधला बिट बंद करावा, मग कड निवडावी, मग ईआयएफआर (आलेल्या संकेतांचे रजिस्टर) मधला फ्लॅग, म्हणजे संकेत आल्याची खूण, पुसावा आणि शेवटी बिट चालू करावा. फ्लॅग पुसण्यासाठी त्या बिटमध्ये १ लिहायचा असतो. इथे सवयीने ‘वाचा, ऑर करा, परत लिहा’ केले, तर त्याच क्षणी उभा असलेला शेजारच्या पिनचा फ्लॅगही १ म्हणून परत लिहिला जातो आणि पुसला जातो. त्या पिनवरचा संकेत हरवतो, तोही क्वचितच, त्यामुळे दोष सापडायला वेळ लागतो. पीआयसी१६ कुळातल्या जुन्या चिपांच्या पोर्ट-बी बदल इंटरप्टची गोष्ट वेगळी : पोर्ट वाचल्याशिवाय तिथला फ्लॅग पुसलाच जात नाही. एसटीएम३२ मध्ये फ्लॅग हँडलरच्या अगदी शेवटच्या ओळीत पुसला, तर लिहिलेले रजिस्टरपर्यंत पोचण्याआधीच हँडलर संपतो आणि तोच पुन्हा चालतो. म्हणून फ्लॅग आरंभीच पुसावा.

हँडलर लहान ठेवावा हे सर्वमान्य आहे. मायक्रोपायथॉनसारख्या (चिपवर चालणारी पायथॉन भाषा) वातावरणात त्याला आणखी बंधने येतात. तिथे ‘हार्ड’ (संकेत येताच तत्काळ चालणाऱ्या) प्रकारच्या हँडलरमध्ये नवी मेमरी मागता येत नाही, म्हणून काम पुढे ढकलण्यासाठी वेगळे फंक्शन दिलेले आहे. ईएसपी३२ वर हँडलर आतल्या रॅममध्ये ठेवणे बरे. फ्लॅशवर लिहिणे चालू असताना फ्लॅशमधला कोड वाचता येत नाही, हे त्याचे कारण.

चाचणी : कळ दाबली आणि दिवा लागला, ही चाचणी नव्हे. रूढ पद्धत अशी, की त्याच बोर्डावरची एक आउटपुट पिन तारेने इनपुट पिनला जोडायची आणि प्रोग्रॅमनेच स्पंद सोडायचे. १,००० स्पंद सोडले तर चढत्या कडेवर १,०००, उतरत्या कडेवर १,००० आणि दोन्ही कडांवर २,००० अशी मोजणी यायला हवी. एक कमी किंवा एक जास्त आला तरी चाचणी नापास.

त्यानंतरच्या चाचण्या अधिक बोलक्या असतात. इंटरप्ट बंद ठेवून एक स्पंद सोडावा आणि मग चालू करावा. हँडलर नेमका एकदा चालला पाहिजे. बंद असताना पाच स्पंद सोडले तरीही तो एकदाच चालतो, कारण फ्लॅग एका बिटचा असतो आणि तो मोजत नाही. हे वर्तन दोष नव्हे, पण दस्तऐवजात लिहून ठेवावे. फंक्शन काढून टाकल्यावर स्पंद सोडून पाहावा. काढून पुन्हा बसवल्यावर मधल्या काळातला शिळा फ्लॅग डोके वर काढतो का, तेही पाहावे. एकाच गटातल्या दोन पिना पाठोपाठ हलवाव्यात. आठ बिटी चिपवर १६ बिटांचा मोजणी-अंक मुख्य प्रोग्रॅममध्ये वाचताना मध्येच इंटरप्ट आला, तर २५५ वरून २५६ होताना अर्धा जुना आणि अर्धा नवा बाइट हाती येतो आणि ० किंवा ५११ दिसतो. व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतून नव्याने वाचा, अशी कंपायलरला सूचना) लिहिल्याने हे टळत नाही. वाचण्यापुरता इंटरप्ट बंदच करावा लागतो.

विलंब मोजायचा तर हँडलरच्या पहिल्या ओळीत दुसरी पिन वर करावी आणि दोन्ही पिना ऑसिलोस्कोपवर पाहाव्यात. एटीमेगाला किमान ४ क्लॉक (चिपच्या घड्याळाचे ठोके) लागतात, कॉर्टेक्स-एम३ ला १२. प्रत्यक्षात दिसणारा आकडा याहून बराच मोठा असतो. तो वरच्या सॉफ्टवेअरच्या थरांचा.

झोपेतून जागे होणे हा वादाचा मुद्दा आहे. एटीमेगा३२८पी गाढ झोपेत असताना आयएनटी० आणि आयएनटी१ वर फक्त खालची पातळीच तिला उठवते, असे माहितीपत्रकावरून दिसते. प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्यांना मात्र कडेवरही ती उठताना आढळली आहे. नवे काही बांधताना पिन-बदल इंटरप्ट वापरणे बरे, कारण त्याबाबत दुमत नाही.

कोकणातील वापर : पर्जन्यमापक हे इथले स्वाभाविक उदाहरण. उलटणाऱ्या डबीच्या मापकात ०.२ मिमी. पावसाला डबी एकदा उलटते आणि चुंबक रीड स्विचसमोरून जातो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला. त्या हिशेबाने ही डबी ४,७२० वेळा उलटली असती, म्हणजे सरासरी १८ सेकंदांना एकदा. तासाला १५० मिमी. अशी झड धरली तरी दोन उलटण्यांत ४.८ सेकंद जातात. तेव्हा वेगासाठी इथे इंटरप्टची गरज नाही. गरज आहे ती झोपेसाठी. आषाढात सौर पट्टीला दिवसेंदिवस ऊन मिळत नाही आणि बॅटरी पुरवायची तर चिप डबी उलटेपर्यंत निजलेलीच हवी. याचाच दुसरा फायदा असा, की रीड स्विचची थरथर गाळण्यासाठी एका मोजणीनंतर १०० मिलिसेकंद डोळेझाक केली तरी एक थेंबही हुकत नाही.

खरी अडचण पिनच्या बाहेर असते. एटीमेगाचा आतला पुल-अप (स्विच उघडा असताना पिन १ वर धरणारा रोध) २० ते ५० किलोओहमचा. समुद्राकडून येणारे मीठ टर्मिनल पट्टीवर बसते आणि मृगाच्या पहिल्या दमट वाऱ्याबरोबर ओले होऊन दोन स्क्रूंमध्ये वाहक थर तयार होतो. पुल-अप ३५ किलोओहम आणि हा थरही ३५ किलोओहमचा धरला, तर ५ व्होल्टच्या बोर्डावर पिनवर २.५ व्होल्ट उरतात. चिपच्या लेखी १.५ च्या खाली नक्की ० आणि ३ च्या वर नक्की १, मधल्या पट्ट्यात काहीही. मग स्विच उघडा असतानाही मोजणी वाढत राहते आणि कोरड्या दिवशी पावसाची नोंद होते. बाहेरून ४.७ किलोओहमचा पुल-अप लावल्यास तोच थर असूनही ४.४ व्होल्ट मिळतात. स्विच बंद असताना सुमारे १ मिलिअँपिअर खर्च होतो, पण तो क्षणभराचाच. डबी मधोमध अडकली तर मात्र बॅटरी रात्रभर गळते. ईएसपी३२ च्या ३४ ते ३९ या पिनांना आतला पुल-अप मुळीच नाही, हे विसरून चालत नाही. बोर्डावर लाखेचा थर द्यावा आणि तार पेटीच्या तळातूनच आत घ्यावी. वरून घेतलेली तार पाणी सरळ आत आणते. नरसाळ्यात काजूचे पान किंवा कुंभारीण माशीचे घर असेल, तर वरची सारी काळजी फुकट.

विहिरीपासून घरापर्यंत वाडीतून नेलेली फ्लोट स्विचची तार पंपाच्या वायरशेजारून गेली, की तिच्यात ५० हर्ट्झचा प्रवाह उतरतो. पंप चालू असतानाच मिनिटाला सुमारे ३,००० मोजणी दिसली, तर प्रोग्रॅममध्ये दोष शोधण्यात अर्थ नाही. ऑप्टोकपलर (विद्युतजोडणीऐवजी प्रकाशाने संकेत पोचवणारा भाग), पीळ दिलेली जोडतार आणि पंपाच्या वायरपासून अंतर, हे उपाय क्रमाने करून पाहावेत.

यांत्रिक मासेमारी नौकांवर इंजिनाचे फेरे मोजण्यासाठी हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा) याच रीतीने जोडता येतो. तिथे खाऱ्या पाण्याच्या जोडीला कंपनेही असल्याने स्क्रूच्या जोडणीपेक्षा दाबून बसवलेली लग अधिक टिकते.