ऑनलाइन शिकवणीत तानपुरा गडप का होतो?

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथून तानपुरा घेऊन मोबाइलवर गाणं शिकणाऱ्यांची एक तक्रार हमखास असते: सुरुवातीच्या दोन-चार आवर्तनांनंतर समोरच्याला तानपुरा ऐकूच येत नाही. खापर नेटवर फुटतं, पण तानपुरा खाऊन टाकतो तो कॉलमधला गोंगाट गाळणारा प्रोग्राम.

हा प्रोग्राम आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढे तुकडे करतो आणि कुठल्या कंप्रतेला, म्हणजे सेकंदातल्या कंपनांच्या आकड्याला, किती जोर आहे ते मोजतो. बोलणं सतत बदलतं, मध्ये मध्ये थांबतं. जी कंप्रता बराच वेळ एकसारखी राहते ती पंख्याची घरघर समजून वजा केली जाते. आणि तानपुऱ्याची तर सगळी धडपड अखंड राहण्याचीच! तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा रुंद, किंचित उतरता. तार आणि घोडी यांच्यात सुताचा दोरा. छेडलेली तार त्या उतारावर घासत कंप पावते आणि मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे कितीतरी स्वरांश जागे होतात. हीच जवारी. पाचपटीचा स्वरांश म्हणजे खर्जातून, सगळ्यात खालच्या 'सा'च्या तारेतून, आपोआप उमटणारा गंधार. एक तार विरण्याआधी दुसरी छेडली जाते, त्यामुळे प्रोग्रामला हे सगळे स्वरांश पंख्यासारखेच वाटतात.

काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी 'सा' धरून, गाणाऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा. फोनच्या इवल्या स्पीकरमधून तो जवळजवळ निघतच नाही. वरच्या स्वरांशांवरून मेंदू तो जुळवून घेतो. स्वरांश गाळले की गंधाराबरोबर खर्जही गेला.

'४३२ हर्ट्झला लावलेला तानपुरा रोग बरे करतो' असे व्हिडिओ सध्या जोरात फिरतात. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातली कंपनं, आणि सेकंद माणसाने ठरवलेला. त्या आकड्यात औषध असण्याचं काहीच कारण नाही. गळ्याला सोसेल ती पट्टी घ्यावी.

उपाय सोपा आहे. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' सुरू करा, म्हणजे ही गाळणी थांबते, आणि हेडफोन लावा. तबल्याची साथ मात्र कॉलवर मागू नका: मिनिटाला ३०० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २०० मिलिसेकंदांची असते, आणि तेवढा उशीर कॉलमध्ये सहज होतो. जवारी बिघडली असेल, तर तीही कॉलवर दाखवून दुरुस्त होणार नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत वाद्य नेऊन, कारागिराच्या कानासमोर घोडी घासूनच ती काढून घ्यावी लागते.