खुडूक कोंबडीच्या जागी थर्माकोलची पेटी : घरच्या अंडी उबवणीची पार्श्वभूमी

घणसोली, गोठिवली, दिवाळे, कोलशेत, बाळकुम. नवी मुंबई-ठाण्यातल्या यांपैकी कुठल्याही गावठाणात जिन्याखाली किंवा गच्चीच्या कोपऱ्यात थर्माकोलची पेटी दिसली, आत बल्ब जळत असला आणि छोटा पंखा फिरत असला, तर समजावं की तिथे अंडी उबवायला ठेवली आहेत. नव्यानं या नादाला लागलेली पोरं विचारतात, तापमान किती ठेवू, पाणी किती ठेवू, पिल्लू अडकलं तर कवच फोडू का? उत्तरं सगळी आहेत. पण ती नीट कळायची तर ही पेटी कोणाच्या जागी आली हे आधी बघायला हवं. ती कोंबडीच्या जागी आली.

आमच्या आजीच्या काळी खुडूक कोंबडी ही घरातली मोलाची चीज होती. कोंबडी खुडूक झाली की अंडी द्यायची थांबते, पिसं फुलवून बसून राहते, जवळ हात नेला तर टोचते. तिच्या रक्तात प्रोलॅक्टिन, म्हणजे तिला बसायला लावणारं संप्रेरक, वाढलेलं असतं. छातीखालची पिसं झडून कातडी उघडी पडते, तिथल्या रक्तवाहिन्या दाटतात आणि अंड्याला थेट अंगाची ऊब लागते. आजी पाटीत आधी चुलीतली राख पसरायची, म्हणजे पिसवा होत नाहीत, वर पेंढा घालायची आणि ९, ११, फार तर १३ अंडी मांडायची. कोंबडी दिवसातून कितीतरी वेळा चोचीनं अंडी फिरवायची. एकदाच उठायची, दाणापाणी करून धुळीत लोळायची आणि वीस-पंचवीस मिनिटांत परत जागेवर. एकविसाव्या दिवशी डालग्याखालून, म्हणजे तिच्यावर झाकलेल्या टोपलीखालून, चिवचिव ऐकू यायची. आज पेटीसोबत येणाऱ्या कागदावर जे जे लिहिलेलं असतं, म्हणजे ३७.५ अंश, अंडी फिरवा, हवा खेळती ठेवा, २१ दिवस, ते सगळं ही कोंबडी न शिकता करत होती.

कोंबडीशिवाय पिल्लं काढायची खटपट मात्र फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अरिस्टॉटलनं लिहून ठेवलंय की इजिप्तमधले लोक शेणखताच्या ढिगात अंडी पुरून पिल्लं काढतात. त्याच अरिस्टॉटलनं रोज एक अंडं फोडून आतली वाढ पाहिली आणि सुरुवातीच्या दिवसांतच उसळणारा लाल ठिपका, म्हणजे हृदय, टिपलं. आज आपण मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरून पाचव्या-सातव्या दिवशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा शोधतो, त्या बघण्याची सुरुवात तिथली आहे. पुढे इजिप्तमध्ये कच्च्या विटांच्या दुमजली भट्ट्या झाल्या. खालच्या खणात अंडी, वरच्या खणात गोवऱ्या आणि पेंढ्याचा विस्तव. थर्मामीटर नव्हता. भट्टी सांभाळणारी माणसं अंडं पापणीला लावून ऊब ओळखायची आणि ही विद्या बापाकडून मुलाकडे जायची. पूर्वेकडे भातपिकाच्या देशांत आणखी एक रीत होती, गरम केलेल्या तुसात अंडी ठेवायची. बांगलादेशात बदकाची अंडी अजूनही तशी उबवली जातात. आपल्याही जिल्ह्यात तुसाचे ढीग कमी नव्हते, पण आपल्याकडे खुडूक कोंबडी दारात बसलेली असायची, म्हणून कोणाला गरज पडली नसावी.

युरोपात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्नेलिस ड्रेबेलनं आपोआप ऊब राखणारी पेटी बनवली. १७४९ साली फ्रान्सच्या रेओम्युरनं इजिप्तच्या पद्धतीचा अभ्यास करून, घोड्याच्या लिदीची ऊब वापरून, थर्मामीटर हाताशी ठेवून अंडी उबवली. खरी कामाची यंत्रं आली ती १८८०च्या आगेमागे. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी लायमन बाईसनं आणि इंग्लंडात चार्ल्स हिअरसननं. हिअरसनची युक्ती मला फार आवडते. एका चपट्या डबीत लवकर उकळणारा द्रव भरलेला. पेटी जास्त तापली की डबी फुगते आणि दिव्याची ऊब बाहेर वळवते. आपल्या पेटीतला दोन-अडीचशे रुपयांचा कंट्रोलर बल्ब चालू-बंद करतो, तो त्याच डबीचा वारस.

यंत्र चांगलं झालं तसा कोंबडीवर परिणाम झाला, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही, म्हणजे व्यापाऱ्याच्या हिशेबी तोटा. मग पिढ्यान्‌पिढ्या निवड करताना न बसणाऱ्या कोंबड्याच पुढे नेल्या गेल्या. पांढरी लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, देशी कोंबडी पन्नास-साठ. पण लेगहॉर्नला बसणं जवळजवळ माहीतच नाही. तिच्या जातीचं पुढे चालणं पूर्णपणे यंत्राच्या हवाली झालं.

हे सगळं आपल्या दारात पोचलं ते सरकारी फार्म आणि हॅचरीच्या वाटेनं. मुंबईत आरे वसाहतीत केंद्राचं कुक्कुट केंद्र, पुण्यात खडकीला राज्याचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र. १९७१ला हैदराबादेत डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि या धंद्याचा पुढे नकाशाच बदलला. गिरिराज, वनराज या सुधारित जाती परसातल्या पालनासाठी आल्या. त्यांनी बायकांच्या हाती खरंच पैसा आला, ते नाकारायचं कारण नाही. पण त्याही कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. पहिली खेप म्हातारी झाली की नवी पिल्लं बाहेरूनच आणायची.

आमच्या भागात त्याच काळात पायाखालची जमीनही गेली. १७ मार्च १९७०ला नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या, १९७३ला वाशीचा खाडीपूल सुरू झाला. १९८४च्या जानेवारीत शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली, जमिनी गेलेल्यांच्या उरणच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले. त्यातून साडेबारा टक्क्यांचा, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्श्याची विकसित जमीन परत मिळण्याचा, हक्क मिळाला. खळी गेली, भात गेला, भाताबरोबर कणी-कोंडा गेला, परसाच्या जागी चार मजली घर उभं राहिलं. एकवीरा आईला मानाचा कोंबडा लागतोच, गटारीला गावठीची मागणी असतेच. पण खुराड्याला जागा उरली ती गच्चीवर.

म्हणून ही पेटी. माझी पहिली पेटी माशांच्या थर्माकोल बॉक्सची होती, आत साठ वॉटचा फिलामेंटचा बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा. फिलामेंटचा बल्ब मुद्दाम म्हणतोय. तो विजेचा मोठा वाटा उष्णतेत घालवतो, म्हणून तर घरोघरी एलईडी आले. आता तो दुकानात शोधावा लागतो आणि बरेच जण हीटरच्या तारेकडे वळले आहेत.

१२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली तेव्हा माझ्या पेटीत तीस अंडी सोळाव्या दिवसात होती. मी घाबरून झाकण उघडणार, तेवढ्यात आईनं हात धरला. पेटीवर दोन गोधड्या टाकल्या, कडेला गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या. ‘कोंबडी उठून जाते तेव्हा कोण असतं गं जवळ,’ असं ती वहिनीला म्हणाली. सोळाव्या दिवशी आतलं पिल्लू स्वतःही ऊब तयार करत असतं, हे मला नंतर वाचून कळलं. तिला कोंबडी बघून ठाऊक होतं. एकवीस पिल्लं निघाली.

पावसाळ्याचं कोडंही तसंच सुटलं. आजी आषाढात कोंबडी कधी बसवत नसे, ओल आणि गारठ्यात पिल्लं मरतात म्हणून. पेटीत मरत होती ती कवचातच, पूर्ण वाढलेली. २१ दिवसांत अंड्याचं वजन १२-१३ टक्के घटायला हवं. कवचाच्या छिद्रांतून पाणी उडतं आणि बोथट टोकाची हवेची पोकळी वाढते, पिल्लाचा पहिला श्वास तिथला. आपल्याकडे जुलैत हवाच इतकी ओली असते की ती तापवून आत घेतली तरी पेटीत पन्नास टक्क्यांच्या आसपास ओलावा राहतो. त्यात आणखी पाण्याची वाटी ठेवली की अंडं सुकतच नाही. थंड कोरड्या देशांतले नियम ठाण्याच्या पावसात जसेच्या तसे चालत नाहीत. पावसाळ्यात अठराव्या दिवसापर्यंत वाटी ठेवूच नका, नंतरच पाणी द्या आणि अंडी फिरवणं थांबवा. मे महिन्यात उलटी अडचण. घरात तीस अंशांच्या वर असेल तर साठवलेलं अंडं अर्धवट जागं होतं आणि आत मरतं. सावलीत, थंड जागी, बोथट टोक वर, आणि आठवड्याच्या आत मांडायचं.

आता पिल्लाला मदत करण्याबद्दल. आजी विसाव्या दिवशी कोमट पाण्यात अंडी सोडायची. जे डुगडुगे त्यात जीव. पण पिल्लानं आतून चोच मारून कवचाला टवका पाडलेलं अंडं पाण्यात घालायची नाही, आणि कवच तर कधीच सोलायची नाही. टवका पडल्यावर पिल्लू बारा-चोवीस तास गप्प बसतं, ते थकलेलं नसतं. उरलेला बलक पोटात ओढला जात असतो, कवचाच्या आतल्या पापुद्र्यातल्या शिरांतलं रक्त अंगात परतत असतं. त्याच बलकावर बाहेर आल्यावरही दोन दिवस निघतात. अमेरिकेच्या टपालानं १९१८पासून एक दिवसाची पिल्लं पोचवायला घेतली ती याच जोरावर. सारखं झाकण उघडलं की ओलावा जातो, पापुद्रा चामड्यासारखा आवळतो, आणि मग खरंच मदत लागते. टवक्याला चोवीस तास उलटून काहीच हललं नाही, तरच बोथट टोकाकडून थोडं कवच काढावं, पापुद्रा कोमट पाण्यानं भिजवावा. लाल शीर दिसली की हात मागे. काही तासांनी पुन्हा बघावं.

एक सावधगिरी इथली आहे. २००६ला नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला, फेब्रुवारी २०२२ला तो आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत आला आणि हजारो कोंबड्या माराव्या लागल्या. अंडी कुठून आणतो ते माहीत असावं, आणि पिल्लांना मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस चुकवू नये. घरी ती कोणीतरी लक्षात ठेवावी लागते.

आमच्या आळीत आता एकच देशी कोंबडी खुडूक होते, तांबडी, शेजारच्या काकूंची. गेल्या फाल्गुनात पेटीतली नऊ पिल्लं मी रात्री दहाला, अंधारात, एकेक करून तिच्या पंखाखाली सरकवली आणि खालची अंडी काढून घेतली. दिवसा दिली असती तर तिनं टोचून मारली असती. सकाळी काकूंनी डालगं उचललं तेव्हा ती कणी टोचून खाली टाकत होती आणि नऊच्या नऊ तिच्याभोवती होती.